रावी नसलेली गोष्ट

भुताखेतांच्या गोष्टी मुलांना सांगूच नयेत, या मताची मी नाही. आमच्या नानीने आम्हाला चुडेलीच्या कितीतरी कहाण्या सांगितल्या. पण तिची प्रत्येक कहाणी बादशाहच्या राज्यात सुरू व्हायची. चुडेल यायची ती तिथे, आमच्या परसात नाही. मराठीत ‘आटपाट नगर’ हेच काम करते. ही सुरुवात म्हणजे कहाणीचा दरवाजा. मूल त्यातून आत जाते आणि त्यातूनच बाहेर येते.

भयपटांचा एक प्रकार हा दरवाजाच काढून टाकतो. ‘हे कुणी रचलेले नाही, हे चित्रीकरण सापडले आहे,’ असा त्याचा आव असतो. हलणारा कॅमेरा, धापा, मध्येच तुटणारे दृश्य. १९९९च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने ही तऱ्हा जगभर नेली आणि अनेकांना ते सगळे खरेच वाटले होते.

सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, “मॅडम, स्लेंडरमॅन म्हणजे जिन आहे का?” मग मी त्याच कल्पनेवरून निघालेला २०१५चा ‘ऑलवेज वॉचिंग’ पाहिला. बातमीदारांना एका रिकाम्या घरात व्हिडिओ टेप सापडतात. त्यात एक उंच, बिनचेहऱ्याचा माणूस असतो आणि तो फक्त कॅमेऱ्यातूनच दिसतो.

मुलीला मी सांगितले, “बेटा, हा जिन नाही. याची जन्मतारीखसुद्धा माहीत आहे.” १० जून २००९ रोजी अमेरिकेतल्या एरिक नुडसेन यांनी, जुन्या फोटोंत फेरफार करून भीतिदायक चित्रे बनवण्याच्या खेळात, हा माणूस तयार केला. त्याच महिन्यात काही तरुणांनी यूट्यूबवर ‘मार्बल हॉर्नेट्स’ ही मालिका सुरू केली. चित्रपट तिच्यावरूनच आला. पाच वर्षांत ती गोष्ट हजारो तोंडी झाली आणि करणारा मागे पडला.

३१ मे २०१४ रोजी विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावी बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच मैत्रिणीला जंगलात नेऊन चाकूचे १९ वार केले. स्लेंडरमॅनला खूश करायचे होते, असे त्यांनी सांगितले. ती मुलगी सरपटत बाहेर आली आणि वाचली. हल्ला करणाऱ्या दोघी मानसिक आजारी होत्या, हे पुढे कोर्टात मान्य झाले. म्हणून सगळा दोष गोष्टीवर टाकता येणार नाही. पण ज्या मनाचा तोल आधीच ढळला आहे, त्याला बाहेर यायला दरवाजा सापडला नाही, हेही खरेच.

दूरच्या देशातली गोष्ट म्हणून सोडून द्यावे, तर आपले धुळे आठवते. १ जुलै २०१८ रोजी राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या भटक्या समाजातल्या पाच जणांना ‘मुले पळवणारे’ समजून जमावाने ठार मारले. त्या काळात मोबाइलवर मुले पळवल्याचे व्हिडिओ फिरत होते. त्यांतला एक कराचीत बनलेल्या, बालसुरक्षेसाठीच्या जनजागृतीपटाचा तुकडा होता. त्यात शेवटी मूल परत आणून सोडतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. तिथे मारणारी मुले नव्हती, आपल्यासारखी मोठी माणसे होती.

उर्दूच्या तासाला मी मुलांना रिवायत आणि रावी हे शब्द शिकवते. रिवायत म्हणजे सांगितलेली हकिकत, रावी म्हणजे ती सांगणारा. आता त्या धड्याला मी एक गृहपाठ जोडला आहे. मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ घ्यायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची : याचा रावी कोण? त्याने हे कुठे पाहिले? याच्या आधी आणि नंतर काय होते? बहुतेक वह्यांत पहिल्याच प्रश्नापुढे ‘माहीत नाही’ असे येते. मी त्याला पूर्ण गुण देते. मात्र खाली एक ओळ लिहायला लावते : ‘म्हणून मी हा पुढे पाठवला नाही.’

आई-वडिलांनो, घरी मोबाइल हिसकावून घेण्याआधी मुलांच्या शेजारी बसून हा पहिला प्रश्न विचारून पाहा. आणि कुटुंबाच्या ग्रुपवर काही पाठवण्याआधी स्वतःलाही विचारा.