मोठा नळ, कोरडी घागर

मुलांनो, महाराष्ट्राच्या नकाशात वाशी दाखवा असं सांगितलं, तर तुमच्यातले बरेच जण नवी मुंबईवर बोट ठेवतील. खाडीवरचा पूल, उंच इमारती, लोकलचं स्टेशन. ती एक वाशी झाली. पण धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगांच्या परिसरात आणखी एक वाशी आहे. हा जिल्हा २०२३ पर्यंत उस्मानाबाद म्हणून ओळखला जायचा. फटाक्यांसाठी नाव असलेलं तेरखेडा आमच्याच तालुक्यातलं, आणि खव्यासाठी प्रसिद्ध असलेला भूम आमच्या शेजारचा. मी राहतो तो या वाशीत.

एकाच नावाच्या दोन वाशी असल्याने काय होतं, ते सांगतो. घरातलं नेट बंद पडलं की कंपनीला फोन लावायचा. पलीकडून गोड आवाज येतो, "वाशी, नवी मुंबई ना सर? सेक्टर कोणता?" आता आमच्या वाशीत कुठले आलेत सेक्टर! मग जिल्हा सांगा, तालुका सांगा, पिनकोड सांगा. एकदा तर एका माणसाचा फोन आला, "साहेब, मी तुमच्या बिल्डिंगखाली उभा आहे, कितवा मजला?" आमचं घर बैठं आहे! आमची तक्रार शेकडो किलोमीटर दूरच्या वाशीला जाऊन पोचली होती. धाकटा पोट धरून हसला. थोरली मात्र हसली नाही, आणि तिला कारणही तसंच होतं.

ते २०२५ साल होतं. थोरली दहावी पास झाली होती. त्याच वर्षापासून अकरावीचे प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. त्याआधी आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी कॉलेजात जायचं, फॉर्म घ्यायचा, भरून द्यायचा, एवढंच काम असे. आता मुंबई-पुण्याची मुलं आणि वाशीची मुलं एकाच संकेतस्थळाच्या दारात उभी. दहापर्यंत कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा, तोही ठरलेल्या तारखेच्या आत. आणि नेमकं तेव्हाच आमचं नेट गेलं. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने झोडपायला सुरुवात केली होती. कुठे तार तुटली होती देव जाणे, पण पाच दिवस डब्यावरचा लाल दिवा काही विझेना. मोबाइलची रेंज गच्चीच्या एकाच कोपऱ्यात, आणि तिथे उभं राहिलं तर पाऊस. शेवटी थोरली मैत्रिणीच्या घरी गेली. त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीची लाइन होती. तिथे बसून तिने फॉर्म भरला आणि घरी येऊन सांगितलं, "बाबा, आता कंपनी बदलायची."

बदलायची तर खरी, पण कुठली घ्यायची? धाकट्याने लगेच एक जाहिरात आणून दाखवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत '१०० एमबीपीएस' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'पर्यंत' असं छापलेलं. आमच्याकडे ५० चं नेट होतं. शंभर म्हणजे दुप्पट, मग दुप्पट चांगलं, असा त्याचा सरळ हिशोब.

माझी आई शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "आरं, नळ मोठा बसवला म्हणून पाणी येतंय व्हय?"

मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दारातला नळ चांगला दोन इंची असेल, पण पाणी आठ दिवसांनी येत असेल, तर त्या नळाचं कौतुक करून घागर भरत नाही. त्यापेक्षा अर्धा इंची नळ बरा, रोज ठरल्या वेळेला येणारा. नेटचंही तसंच आहे. वेग म्हणजे नळाची रुंदी आणि भरवसा म्हणजे पाणी कधी येतं ते. जाहिरातीत नेहमी पहिलीच गोष्ट लिहिलेली असते.

आधी या वेगाचं गणित समजून घेऊ, कारण त्यात एक फसवी जागा आहे. एमबीपीएस म्हणजे एका सेकंदाला इतके मेगाबिट. पण आपले फोटो आणि व्हिडिओ मोजतात मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे ४० एमबीपीएसच्या नेटवर सेकंदाला ४० नव्हे, फार तर ५ मेगाबाइट येतात. ३०० मेगाबाइटचा व्हिडिओ उतरवायला एक मिनिट लागेल. आणि एक स्वच्छ दिसणारा व्हिडिओ बघायला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. घरात चौघांनी एकाच वेळी चार व्हिडिओ लावले, तरी झाले वीस! हा हिशोब मांडल्यावर धाकट्याच्या शंभराचा तोरा जरा उतरला.

हे आकडेही काळाबरोबर किती बदलले पाहा. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमातर्फे. तेव्हा टेलिफोनच्याच तारेतून नेट यायचं. जोडणी होताना मोडेम चित्रविचित्र आवाज करायचा, आणि नेट चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज! पुढे २००४ साली सरकारने ब्रॉडबँडचं धोरण आणलं आणि ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस असं ठरवलं. २०१३ मध्ये हा आकडा ५१२ झाला आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. ३ मेगाबाइटचा एक फोटो २००४ च्या त्या किमान वेगाने यायला दीड मिनिट लागलं असतं. २०२३ च्या किमान वेगाने १२ सेकंद पुरतात, आणि ४० एमबीपीएसवर तो एका सेकंदाच्या आत दिसतो.

ही करामत केली काचेने. हल्ली घरात येणाऱ्या तारेत केसासारखा बारीक काचेचा धागा असतो आणि त्यातून प्रकाश धावतो, सेकंदाला जवळजवळ २ लाख किलोमीटर. अशा वाकड्या धाग्यांच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येतं, हे ज्यांनी १९५४ साली दाखवलं, त्यांतले एक होते आपल्या पंजाबात मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. काच पुरेशी शुद्ध केली तर हा प्रकाश दूरदूर जाऊ शकेल, असं चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

पण एवढ्या हुशार धाग्याला रस्त्याच्या कामावरचा एक जेसीबी पुरतो. खोदताना एक फटका बसला की प्रकाश तिथेच थांबला. म्हणूनच डब्यावर 'एलओएस' लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल झाला, तर समजायचं की प्रकाश आपल्या घरापर्यंत पोचतच नाही. मग डबा कितीही वेळा बंद-चालू करा, उपयोग नाही. तक्रार करताना "लाल दिवा लागलाय" एवढं सांगितलं, तरी पुढच्या माणसाचा निम्मा वेळ वाचतो.

बरं, नेट चालू आहे पण हळू आहे, असं का होतं? आमच्या शेतकऱ्यांना डीपीचं उदाहरण लगेच पटेल. एका डीपीवर पाच मोटारी असतात तोवर पाणी जोरात येतं. पंधरा मोटारी चालू झाल्या की दाब उतरतो. नेटची लाइनही पुढे जाऊन अनेक घरांत वाटलेली असते. रात्री नऊला सगळे एकदम व्हिडिओ लावून बसले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं.

थोरलीने मग एक काम केलं. शाळेची जुनी वही घेऊन तिच्यात रकाने आखले. तारीख, सकाळी सातचा वेग, संध्याकाळी सहाचा, रात्री नऊचा, आणि शेवटचे दोन रकाने, 'गेलं कधी' आणि 'आलं कधी'. वेग मोजायला मोबाइलवर ॲप मिळतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं, म्हणजे ट्रायचं, 'मायस्पीड' नावाचं ॲपही आहे. मोजायचं मात्र डब्याजवळ उभं राहून. आमच्याकडच्या जुन्या दगडी भिंती आणि वरचे पत्रे वायफायला अडवतात. मागच्या खोलीत मोजून कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. मोजताना घरात दुसरं कोणी नेट वापरत नाही ना, हेही बघायचं.

एकवीस दिवसांनी वही उघडली. सकाळी ४८, म्हणजे जवळजवळ कबूल केल्याइतकं. रात्री नऊला मात्र कधी ११, कधी ९. आणि एकवीसपैकी सहा दिवस नेट काही ना काही वेळ बंद. त्यात एकदा सलग दोन दिवस! तोवर आमच्या घरात "नेट लई खराब आहे" असं सगळे म्हणत होते. वही झाल्यावर किती खराब ते कळलं. फोनवर "सर, आमच्याकडे सगळं ठीक दिसतंय" असं ऐकवलं की थोरली तारखा वाचून दाखवायची. मग पलीकडचा माणूस जरा सावरून बोलायचा.

मुलांनो, इथे एक गोष्ट मोठ्यांनाही सांगा. तक्रार केली की तिचा क्रमांक मागून घ्यायचाच. क्रमांक नसेल तर तक्रार केली याला पुरावा काय? तक्रारीचं समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तशी व्यवस्था प्रत्येक कंपनीने ठेवायची असते.

आता नवी कंपनी. आमच्यापुढे दोन पर्याय होते. एक ती शंभरची आणि दुसरी ४० ची. दोन्हीकडची लाइन असलेल्या घरांत थोरली आणि धाकटा जाऊन आले. वेग किती, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. "गेल्या महिन्यात किती वेळा गेलं? गेल्यावर कोण आलं? किती वेळाने आलं?" एवढंच विचारलं. शंभरवाली घरं म्हणाली, वेग झकास आहे, पण बिघाड झाला की माणूस दुसऱ्या तालुक्यातून येतो, दोन दिवस जातात. चाळीसवाली म्हणाली, गावातलाच पोरगा आहे, संध्याकाळपर्यंत मोटारसायकलवर शिडी बांधून येतो. आम्ही चाळीसची लाइन घेतली.

मोबाइलची कंपनी बदलताना आपला नंबर तोच राहतो. ती सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. तारेच्या नेटला असं नसतं. नवी कंपनी नवी तार आणते, नवा डबा बसवते. म्हणून घाई करायची नाही. जुनी लाइन लगेच तोडायची नाही. आम्ही आठ दिवस दोन्ही चालू ठेवल्या. नव्या लाइनचे आकडे त्याच वहीत उतरवले आणि मगच जुनी बंद करायचा अर्ज दिला. आगाऊ भरलेल्या पैशांतलं काय परत मिळतं, डब्याची अनामत किती होती, हे विचारून घेतलं. डबा परत दिला त्याची पावती आईच्या पत्र्याच्या पेटीत अजून आहे.

नवीन नेट कसं आहे? सकाळी ३८, रात्री नऊला ३१. पहिल्या महिन्यात दोनदा गेलं आणि दोन्ही वेळा त्याच दिवशी आलं. एक अडचण मात्र कंपनी बदलून सुटण्यासारखी नव्हती. लाइट गेली की डबा बंद! त्यासाठी डब्याला एक छोटी बॅटरी जोडून घेतली. आता लाइट गेली तरी धाकट्याचा अभ्यास थांबत नाही, याचं त्याला थोडं दुःखच आहे.

ती वही आता धाकट्याकडे आली आहे. त्याने तिच्यात लाइटचा रकाना वाढवला. परवा त्याने वर्गातल्या मित्रांच्या घरच्या नेटची नोंद घ्यायचं ठरवलं. त्यातला एक मित्र गावाबाहेरच्या वस्तीवर राहतो. तिथे एकाही कंपनीची तार पोचलेली नाही. कंपनी बदलायची म्हटलं तर निदान दोन कंपन्या तरी हव्यात! ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ साली मंजुरी दिली. तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. पण ग्रामपंचायतीच्या कचेरीपासून वस्तीवरच्या घरापर्यंतचं अंतरही कापायचं असतंच. तो मित्र फॉर्म भरायला आणि अभ्यासाचे व्हिडिओ बघायला आमच्याकडे येतो.

त्याच्या नावापुढे 'गेलं कधी' या रकान्याशी धाकटा अडला.

"बाबा, त्याच्याकडे नेट गेलेलं नाही. कारण आलंच नाही. मग काय लिहू?"

आतून आईचा आवाज आला, "लिही की, अजून नाही."

त्याने तसंच लिहिलं.