खाडीपलीकडे, जुन्या जीपमधून

गेल्या शाबानमध्ये आम्ही भावंडांनी पैसे एकत्र करून 1993 सालची महिंद्रा एमएम 540 जीप घेतली. म्हसळ्याच्या घरापुढे ती उभी राहिली तेव्हा अम्मीने एकच विचारलं, "हिच्यात मी चढणार कशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. कारण जीप घेतली ती बरीचशी तिच्यासाठीच. शौकही होता, तो कशाला लपवायचा? पण राजपुरी खाडीच्या पलीकडे डोंगरावर मामूंची आंबा-काजूची वाडी आहे. शेवटची चढण तांबड्या मातीची. पावसाने तिला असे चर पडतात की रिक्षावाला खालीच हात जोडतो. मामू दोन वर्षं अंथरुणावर, अम्मीचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बहीण-भावाची सलाम-दुआ फक्त फोनवर.

या गाडीच्या कंपनीची एक गोष्ट आमच्या घरात सर्वांना आवडते. 1945 साली ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीचं नाव बदललं. जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं तेही त्याच वर्षी.

मग सुरू झाला खर्चाचा वाद. धाकट्याला रुंद टायर, छतावर दिव्यांची रांग आणि मोठा बंपर हवा होता. अब्बांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी थांबायचं बघा." आम्ही हसलो. पुढच्याच आठवड्यात घाट उतरताना ब्रेकचं पेडल तळाला गेलं. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी कडेला लावली. विकणाऱ्याने 'सगळं नवीन टाकलंय' म्हणून सांगितलं होतं. उघडून पाहिलं तर चारही चाकांचे व्हील सिलिंडर गळत होते. त्या रात्री टायरचा विषय कोणी काढला नाही.

तसाही तो हट्ट कायद्यात बसणारा नव्हता. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाजोगते फेरफार केलेली गाडी नोंदणीला पात्र नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी तर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, हरित कर भरावा लागतो. जुनी गाडी घेणाऱ्याने आधी कागद बघावेत, रंग नंतर. आमच्या पैशांत ब्रेक पूर्ण नवे झाले, पाट्यांचे बुश बदलले, रेडिएटर साफ झाला, ताडपत्रीचं नवं हूड शिवलं. उरलेल्यातून गावातल्या वेल्डरने अम्मीसाठी लोखंडी पायरी बनवली. ती गाडीला जोडलेलीच नाही. सुटी आहे, स्टुलासारखी खाली ठेवायची आणि मागे टाकायची.

गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असतात. एक पुढच्या चाकांना ताकद देते, दुसरी गाडीचा वेग कमी करून ओढ वाढवते. मेस्त्रींनी बजावलं होतं, कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाडीत दोन्ही एक्सल एकाच वेगाला बांधले जातात. मातीवर चाक थोडं घसरून तो ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही आणि आतले दात खातात.

पाऊस सरल्यावर एका रविवारी फजरनंतर निघालो. दिघीला गाड्या नेणारी बोट मिळाली. अम्मी पुढच्या सीटवरून उतरलीच नाही; पश्चिमेला जंजिरा दिसला तेव्हा तिने फक्त डोक्यावरचा पदर सावरला. आगरदांड्याला उतरून खोकरीचे मकबरे लागले. तीन दगडी मकबरे, सर्वांत मोठा सिद्दी सुरूल खानाचा. आफ्रिकेतून आलेल्या माणसांच्या या कबरींवरची घडाई बारीक आहे. दगडी जाळीतून सकाळचं ऊन आत पडलं होतं. आम्ही फातिहा पढलो. जंजिऱ्याला जाणारे पर्यटक बहुतेक इथे थांबत नाहीत, त्यांनी थांबावं.

डांबर संपलं तिथे दोन्ही दांड्या टाकल्या. 'बिस्मिल्लाह' म्हणून पहिल्या गिअरमध्ये जीप चढू लागली, माणसाच्या चालीने. एका चरात डावं चाक हवेत गेलं, अम्मीने डॅशबोर्ड घट्ट धरला आणि मोठ्याने दरूद सुरू केला. धाकटा मागून म्हणाला, "रुंद टायर असते तर..." त्याचं वाक्य कोणी पूर्ण होऊ दिलं नाही.

मामूंना खाटेसकट पडवीत आणलं होतं. आम्ही पायरी लावली, अम्मी एकेक पाय टाकत उतरली. दोघं बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मामूंनी जीपकडे बघून विचारलं, "डिझेल किती खाते?"

जोहर तिथेच पढलो. परतताना मामींनी मागे नारळ आणि आमसुलांची गोणी टाकली. उतारावर लो गिअर ठेवला, ब्रेकला फारसा पाय लावावाच लागला नाही. बोटीत अम्मी म्हणाली, पायरीला खाली रबर लावून घ्या, दगडावर सरकते. ते अजून करायचं आहे.