तोट्याची ओळ

नेवाशाच्या बाजारपेठेतील एका किराणा दुकानात संध्याकाळी वही मिटताना नातवाच्या मोबाइलवर एक परके गाणे लागले होते. गायकाचे नाव लकी दुबे. आडनाव ऐकून आजोबांना तो उत्तर प्रदेशातला वाटला. ‘‘नाही बाबा, हा दक्षिण आफ्रिकेतला झुलू गायक,’’ नातू म्हणाला आणि त्याची कथा सांगू लागला.

लकीचा जन्म ३ ऑगस्ट १९६४ रोजी एरमेलो येथे झाला. आईचे आधीचे अनेक गर्भ टिकले नव्हते. हे मूल जगले, म्हणून तिने त्याला ‘भाग्यवान’ अर्थाचे नाव दिले. आई कामासाठी परगावी असे आणि मुले आजीपाशी वाढली. लकीने लहानपणी माळीकामही केले. पुढे झुलू लोकांच्या म्बाकांगा संगीतात त्याचा जम बसला. त्या ध्वनिमुद्रिका ३०,०००पर्यंत खपत.

१९८४ मध्ये हा चालता धंदा सोडून त्याने जमैकातील रेगे शैलीत ‘रास्ताज नेव्हर डाय’ काढली. ती सुमारे ४,०००च खपली आणि १९८५ मध्ये वर्णभेदी सरकारने तिच्यावर बंदी घातली. तरीही तो माघारी फिरला नाही. त्याच वर्षीच्या ‘थिंक अबाउट द चिल्ड्रेन’ने त्याला लोकप्रियता मिळवून दिली. तीन भाषांत मिळून त्याच्या २२ ध्वनिमुद्रिका निघाल्या. १८ ऑक्टोबर २००७ रोजी जोहान्सबर्गमध्ये, मुलांना नातलगाकडे सोडून निघालेला असताना, गाडी लुटायला आलेल्यांनी त्याला गोळ्या घालून ठार केले.

‘‘आणि हे गाणे कशाचे?’’ आजोबांनी विचारले.

‘‘दारूच्या गुलामीचे. ‘स्लेव्ह’, १९८७ सालचे. तो स्वतः निर्व्यसनी होता.’’

आजोबा गप्प झाले. दुकानात विडी-तंबाखू ठेवू नये, असे नातू वर्षभर सांगत होता. ‘‘गिऱ्हाईक तंबाखूसाठी येते आणि साखरही नेते. तंबाखू काढली तर साखरही जाईल,’’ हे आजोबांचे ठरलेले उत्तर होते, आणि ते खोटे नव्हते. घरात अणुव्रतांची चर्चा चाले, दुकानात मात्र हिशेब चाले.

‘‘पहिल्या मुद्रिकेत एवढी खोट आली, तरी त्याने दुसरी काढली?’’

‘‘हो, पुढच्याच वर्षी.’’

आजोबांनी मिटलेली वही पुन्हा उघडली आणि विडी-तंबाखूचा महिन्याचा नफा मोजला. आकडा लहान नव्हता. तो त्यांनी दोनदा मोजून पाहिला.

पुढच्या सोमवारी घाऊक व्यापाऱ्याकडे गेलेल्या यादीत तंबाखूची ओळ नव्हती. त्या महिन्यात साखरेचा खपही थोडा घटला. वहीत तो तोटा आजोबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला.