झेपेल तेवढाच नियम



नवीन वर्ष आलं की संकल्प करायचा, ही माझी जुनी खोड. एक जानेवारीला वहीच्या पहिल्या पानावर सुबक अक्षरात यादी लिहायची. रोज पहाटे उठेन, रोज फिरायला जाईन, रोज स्वाध्याय करेन, गोड कमी खाईन, वायफळ खर्च करणार नाही, आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरात: रागावणार नाही. संक्रांतीचे तिळगूळ संपेपर्यंत यादीही संपलेली असायची. मग वहीची उरलेली पानं दूधवाल्याच्या हिशोबाला. अशा निदान दहा-बारा वह्या आमच्या माळ्यावर सापडतील.

गेल्या वर्षी मात्र मी वेगळं करून पाहिलं. त्याची सुरुवात फारशी अभिमानाची नाही, तरी सांगते.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. तीन-चार वर्षांपासून त्यांना विसरण्याचा आजार आहे. सकाळी त्या बऱ्या असतात. णमोकार म्हणतात, जपमाळ ओढतात, मलाही ओळखतात. दुपार कलली की मात्र त्यांची घालमेल सुरू होते. डॉक्टर म्हणाले, या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो, त्यांच्या हातात ते नसतं. त्या वेळी त्यांचा एकच प्रश्न असतो. ‘अण्णा जेवले का?’ अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन पंधरा वर्षांहून जास्त झाली.

हा प्रश्न दर दोन मिनिटांनी येतो. आणि नेमका तेव्हाच, जेव्हा माझी सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची धांदल चाललेली असते. आमच्या घरात रात्रीभोजन नाही. आम्ही सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी, पानं उचलतो. इकडे सांगलीत उन्हाळ्यात सूर्य सात वाजेपर्यंत असतो, पण थंडीत सहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे सव्वापाचला जेवण झालंच पाहिजे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हा नियम एकदाही मोडलेला नाही. त्याचा मला अभिमान होता. होता असंच म्हणते.

गेल्या वर्षी दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमेचा. सकाळी बस्तीत पूजा झाली, प्रवचन ऐकलं. माझं एकासन होतं. संध्याकाळी हे आणि आई यांच्यासाठी स्वयंपाक चालू होता. एका शेगडीवर वरण, दुसरीवर तवा, हात पिठात. ‘अण्णा जेवले का?’ सातव्यांदा की आठव्यांदा, कोण जाणे. मी उलथनं ओट्यावर आपटलं आणि ओरडले, ‘आई, किती वेळा सांगायचं? अण्णा नाहीत आता! गेले ते!’

त्या एकदम गप्प झाल्या. मग आमच्या मदतनीस मावशींचा पदर धरून हळूच म्हणाल्या, ‘चल, आपण आपल्या घरी जाऊ. इथल्या बाई रागावतात.’

मैत्रिणींनो, त्या दिवशी पानं अगदी वेळेवर उचलली गेली. नियम पाळला गेला. आणि नवरा गेल्याची बातमी एका म्हातारीला मी पुन्हा नव्याने दिली होती, तीही क्षमेच्या दिवशी.

मी शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण हिशोबाची सवय गेली नाही. कॉलेजात तेरीज शिकवताना सर सांगायचे, की दोन्ही बाजूंची बेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर आहेत असं समजू नका. एका बाजूची चूक दुसऱ्या चुकीने भरून निघालेली असू शकते. बेरीज जुळते, हिशोब चुकीचाच राहतो. त्या रात्री मला वाटलं, माझंही असंच चाललंय. रात्रीभोजन त्यागाचं पुण्य जमेला धरायचं आणि जिभेचं पाप त्यात खपवायचं. बेरीज जुळतेय म्हणून मी खूश.

त्याच पर्वात स्वाध्यायात आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार चालू होता. दीडशे श्लोकांचा छोटासा ग्रंथ, श्रावकाने कसं वागावं हे सांगणारा. त्यात भोग-उपभोगाची मर्यादा सांगताना ‘यम’ आणि ‘नियम’ असा फरक केला आहे. जे जन्मभरासाठी सोडायचं तो यम. जे ठरावीक काळापुरतं सोडायचं तो नियम. एक दिवस, एक पक्ष, एक महिना, अशी काळाची मर्यादा नियमाला चालते. मी हे आधीही ऐकलं असेल, पण त्या दिवशी कानाला लागलं. माझ्या जानेवारीच्या याद्या म्हणजे सगळे यम होते! ‘रागावणार नाही’, जन्मभर, कुणावरच, कधीच नाही. हे मुनिमहाराजांना साधत असेल. पिठाचे हात आणि दोन शेगड्या असलेल्या बाईला एका फटक्यात कसं साधावं?

सोळाकारण भावनांमध्येही ‘शक्तितस्त्याग’ आणि ‘शक्तितस्तप’ अशी दोन नावं आहेत. त्याग करायचा, तप करायचं, ते आपल्या शक्तीनुसार. शक्ती लपवायची नाही हे तर खरंच, पण नसलेली शक्ती दाखवायचीही नाही.

मग दिवाळी झाल्यावर, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपलं वीर निर्वाण संवत बदलतं त्या दिवशी, मी एकच ठरवलं. महिन्याला एक नियम. एकच, छोटा, मोजता येईल असा. आणि तो माझ्या हातातला हवा, दुसऱ्याने सुधारण्यावर अवलंबून नको. दर अष्टमी-चतुर्दशीला हिशोब बघायचा. महिन्यातून चार वेळा पर्वतिथी येते, आपल्या पूर्वजांनी तपासणीचे दिवस आधीच नेमून ठेवलेत. आपण फक्त त्या दिवशी पालेभाजी नको एवढंच लक्षात ठेवतो.

कार्तिकात नियम काय घेतला? रागावायचं नाही असा नाही. फक्त लिहायचं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आवाज चढला की एक टिंब आणि बाजूला वेळ. महिनाअखेर टिंबं मोजली. एक्केचाळीस! लाज वाटली. पण दुसरी गोष्ट दिसली, ती जास्त कामाची होती. त्यातली बत्तीस टिंबं दुपारी चार ते सहामधली. म्हणजे मी काही दिवसभर रागीट नव्हते. मी दोन तास रागीट होते. सबंध स्वभाव बदलायचा नव्हता, दोन तास बदलायचे होते. हे कळलं आणि हायसं वाटलं.

मार्गशीर्षात नियम घेतला की संध्याकाळी दोनच पदार्थ. भाकरी आणि एक भाजी, किंवा मुगाची खिचडी आणि कढी. भाजी तीन वाजता चिरून ठेवायची. यांना आधी चटणी, कोशिंबीर, वरण, भात, सगळं लागायचं. पहिले चार दिवस चेहरा पडला, मग सवय झाली. भोगोपभोग परिमाण व्रत म्हणतात ते हेच की! महिनाअखेर एकोणतीस टिंबं.

पौषातला नियम माझा सगळ्यात आवडता. संध्याकाळी आईंनी पहिल्यांदा विचारलं की गॅस बारीक करायचा, त्यांच्याजवळ बसायचं आणि बसून उत्तर द्यायचं. दहा वेळा नाही, फक्त पहिल्या वेळी. स्वयंपाकघरात त्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं. उभ्याने दिलेलं उत्तर आणि बसून दिलेलं उत्तर यात एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. बसलं की आवाज आपोआप खाली येतो.

पण उत्तर द्यायचं काय? ‘जेवले’ म्हणावं तर खोटं. ‘गेले’ म्हणावं तर त्यांना पुन्हा तोच धक्का. ज्याने दुसऱ्यावर संकट येईल असं सत्यही श्रावकाने बोलू नये, असं त्याच ग्रंथात सत्य अणुव्रतात सांगितलं आहे. मी विचार करून एक वाट काढली. उत्तराऐवजी प्रश्न. ‘आई, अण्णांना काय आवडायचं हो जेवायला?’ त्यांचा चेहरा उजळतो. कधी वांग्याचं भरीत सांगतात, कधी हुरडा. एकदा तर हुरड्याची गोष्ट पंधरा मिनिटं सांगत होत्या आणि मी ऐकत होते. इतक्या वर्षांत मला ती माहीत नव्हती. त्या महिन्यात सतरा टिंबं.

माघातला नियम वरवर सोपा, पण मला सगळ्यात जड गेला. रोज एक मदत मागायची. सगळं मीच करते, याचा मला फार तोरा होता. क्रोधाचं टिंब दिसतं, मानाचं दिसत नाही. यांना म्हटलं, ‘साडेचार ते सव्वापाच तुम्ही आईंजवळ बसा, पेपर तिथेच वाचा.’ ते म्हणाले, ‘मग आधी सांगायचं नाही का?’ खरंच, सांगितलंच नव्हतं कधी. मनात धुसफुसत होते एवढंच.

फाल्गुनात गाडी घसरली. अष्टाह्निकेत पाहुणे, माझा गुडघा सुजलेला, मावशी आठ दिवस गावाला. टिंबं चोवीसवर गेली. पूर्वीची मी असते तर कॅलेंडर उतरवून ठेवलं असतं. पण आपल्याकडे प्रत्येक व्रताचे पाच-पाच अतिचार सांगितलेत. अतिचार म्हणजे व्रताला लागलेला डाग. डाग लागला म्हणून कोणी लुगडं फेकून देत नाही, धुऊन पुन्हा नेसतं. शास्त्रकारांना माणूस चुकणार हे आधीच माहीत होतं, मलाच ते मान्य नव्हतं. चैत्रात नवा नियम घेतला नाही, पौषातलाच पुन्हा घेतला. स्टुलावर बसायचा.

पुढचे महिने सगळे सांगत बसत नाही. वैशाखात सकाळी पंधरा मिनिटं चालणं होतं, आषाढापासून चातुर्मासात एक तास मौन. मौन रोज दुपारी तीन ते चार, म्हणजे त्या अवघड दोन तासांच्या आधी. एक महिना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा होता, तो सपशेल फसला, कबूल करते.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर माझा अनुभव एवढाच. आधी महिनाभर नुसतं लिहा, काही सुधारू नका. मग ‘मी चांगली होईन’ असं लिहू नका, ‘भाजी तीनला चिरेन’ असं लिहा. एका वेळी एकच. आणि मुदत लिहा, मुदत संपली की नियम सुटतो. पुन्हा घ्यायचा तर नव्याने घ्या.

यंदाच्या भाद्रपदात सहा टिंबं झाली. शून्य नाही. क्षमावाणीला मोबाईलवरून सगळ्यांना ‘उत्तम क्षमा’ पाठवायच्या आधी मी आईंच्या पाया पडले आणि क्षमा मागितली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘अण्णा जेवले का?’

मला त्या संध्याकाळी अजूनही ओळखत नाहीत. परवा मावशींना सांगत होत्या, ‘इथल्या बाई बऱ्या आहेत. बसतात घटकाभर.’ मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. तवा तापला होता. गॅस बारीक केला आणि स्टूल ओढलं.