गायरानावरची पेरणी

७ जून
मृग लागला. बीड जिल्ह्यातल्या या गावात पेरणीची धांदल आहे. सोसायटीपुढे पीककर्जासाठी सातबारा घेऊन शेतकरी उभे आहेत. बौद्ध वस्तीतलं त्यात कुणी दिसलं नाही. वस्तीत गेले, तर तिथंही पेरणीचंच बोलणं. बियाणं मात्र दुकानदाराकडून उधार आणि सुगीला व्याजासकट फेडायचं.

८ जून
सकाळी वस्तीतल्या एका मावशींबरोबर त्या कसतात त्या गायरानावर गेले. "सासऱ्यानं दगडं येचली, आम्ही बांध घातले. पिकतंय बी. पण ताई, कागदावर आम्ही न्हाईत."

कागदावर त्या आहेत. गाव नमुना १-ई मध्ये, अतिक्रमण करणाऱ्या म्हणून. दंडाच्या पावत्या त्यांनी पिशवीत जपून ठेवल्यात. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये नाहीत. मग दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायचं. उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामातही त्याच्याच टोळीत.

पलीकडच्या बांधाला दोन एकरांचा मराठा शेतकरी आहे. तोही कर्जात बुडालाय, त्याच्या घरचे हाल मी पाहिलेत. पण त्याच्या दोन एकरांवर सोसायटी कर्ज देते. गरिबी दोन्ही घरी आहे; बाहेर पडायची वाट एकाच घराला आहे, आणि ती जातीनं मिळालेल्या जमिनीतून जाते.

१० जून
वस्तीकडे जमीन का नाही, हे शोधत रात्री महार वतनाचा इतिहास वाचत बसले. हे वतन म्हणजे वेठ, असं सांगत बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडलं. महार वतनासह गावची कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. तेव्हाही वतनाची जमीन नावावर ठेवायची, तर कब्जेहक्काची रक्कम भरायची होती. पिढ्यान्‌पिढ्या तुटपुंज्या बलुत्यावर राबवलेल्या माणसांकडूनच पैसे मागितले! १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, तो जमिनीच्या याच भुकेपोटी.

१३ जून
२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातलं सरासरी शेत १.०८ हेक्टर आहे, अनुसूचित जातींचं ०.७८. या आकड्यात मावशी धरल्यात की नाही, कोण सांगणार?

वस्तीत अतिक्रमण हटवण्याच्या नोटिशीची धास्ती आहे. सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे, हे वस्तीत कुणी सांगितलेलं नाही. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांसाठी राज्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासननिर्णयही आहे.

तुमच्या गावात अशी माणसं असतील, तर त्यांच्या जुन्या पावत्या आणि १-ई चे उतारे गोळा करायला मदत करा, आणि हा निकाल आणि हा शासननिर्णय यांच्या प्रती घेऊन त्यांच्याबरोबर तहसीलला जा.