दिवाळीचा गल्ला आणि घरची वही : जळगाव ते धुळे

आश्विन सरत आला की खानदेशातील रस्त्यांचा रंग पालटतो. बागायती कपाशीची वेचणी सुरू झालेली असते. पांढऱ्या कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या जिनिंगकडे निघतात आणि शेतकऱ्याच्या हाती हंगामाचा पहिला मोठा पैसा येतो. तो पैसा घरात फार दिवस मुक्काम करीत नाही. धनत्रयोदशीच्या सुमारास तो जळगावच्या सराफ बाजारात आणि दाणा बाजारात, तर धुळ्यात आग्रा रोडवर उतरतो. तेथून तो व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडतो आणि व्यापाऱ्याचीही दिवाळी सुरू होते.

मात्र व्यापारी घराची दिवाळी दुहेरी असते. दुकानात तो कमाईचा महिना, तर घरात तो वर्षातील सर्वांत खर्चिक महिना. आणि दोन्हींसाठी गल्ला एकच. नोकरदाराला पगाराचा आकडा ठाऊक असतो, बोनसचाही ठाऊक असतो. व्यापाऱ्याला दिवाळीच्या आठवड्यात दिसते ती विक्री. तिच्यात मालाची किंमत, घाऊक व्यापाऱ्याची उधारी, कामगारांचे दिवाळीचे देणे आणि सरकारचा कर, सारेच मिसळलेले असते. त्या भरलेल्या गल्ल्याकडे पाहून घरचा खर्च ठरला, तर मार्गशीर्षात देणी उभी राहतात आणि गल्ला रिकामा सापडतो. खानदेशातील जुन्या पेढ्यांना हे चांगले ठाऊक होते.

सुवर्णनगरीतील हिशेब

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते उगीच नव्हे. धनत्रयोदशीला सुभाष चौकाच्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. खेड्यातून आलेले कुटुंब दुकानात शिरते तेव्हा आजीच्या कमरेच्या पिशवीत पैसे असतात, सुनेच्या डोळ्यांत नक्षीचा हार असतो आणि घरधन्याच्या मनात एकच वाक्य असते: सोने घेतले म्हणजे पैसा वाचला.

हे वाक्य अर्धेच खरे आहे. समजा, एक लाख रुपयांच्या सोन्याचा हार घेतला आणि घडणावळ १२ टक्के लागली. सोने आणि घडणावळ मिळून १,१२,००० रुपये झाले. त्यावर ३ टक्के जीएसटी म्हणजे ३,३६० रुपये. एकूण बिल १,१५,३६० रुपयांचे. दुसऱ्या दिवशी तोच हार मोडायला नेला तर सराफ सोन्याचे मोल करतो. घडणावळ आणि कर परत येत नाहीत. म्हणजे १५,३६० रुपये हौसेचे झाले. हौस करू नये असे नाही. लेकीच्या गळ्यातील हाराचे मोल काट्यावर होत नाही. पण ती रक्कम वहीत हौसेच्या खात्यावर पडावी, बचतीच्या नव्हे. बचतच करायची असेल तर कमी घडणावळीचे नाणे किंवा साधी वेढणी बरी. आणि काहीही घेतले तरी त्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक पाहूनच घ्यावे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने या क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत.

याच जळगावच्या इतिहासात बचतीची एक मोठी कथा आहे. अजिंठ्याच्या वाटेवरील वाकोद या गावचे भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून व्यापार सुरू केला, तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल होते ७,००० रुपये. ती त्यांच्या घरातील तीन पिढ्यांची शिल्लक होती. पुढे ठिबक सिंचनाने या कुटुंबाचे नाव देशाबाहेर नेले, हे सर्वांना ठाऊक आहे. विचार करण्याजोगी गोष्ट त्याआधीची आहे. तीन पिढ्या त्या घरातही सण झाले असतील, लग्ने झाली असतील, दुष्काळ आले असतील. तरी ती शिल्लक उरली, म्हणून उद्योगाला पाया मिळाला. जैन हिल्सवर २०१२ मध्ये साकारलेल्या गांधी तीर्थात फिरताना आणखी एक व्यापारी समाजातील पुरुष आठवतो. लंडनमध्ये शिकत असताना गांधीजी बसभाड्यापासून टपालापर्यंतचा खर्च टिपून ठेवीत आणि झोपण्यापूर्वी मेळ घालीत. ती सवय पुढे लाखोंचे सार्वजनिक निधी सांभाळताना त्यांच्या कामी आली.

अमळनेर : राखून ठेवलेले कागद

जळगावहून सुरतेकडे जाणारी गाडी धरणगाव मागे टाकून बोरी नदीकाठच्या अमळनेरला येते. हे साने गुरुजींच्या शाळेचे गाव. येथेच १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी उभी राहिली. तीच आजची विप्रो. कंपनीचे भाग गावातील काही व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी घेतले. कित्येकांनी ते गरजेपोटी विकले. ज्यांनी पेटीच्या तळाशी ठेवून दिले, त्यांच्या कागदांना वर्षानुवर्षे बोनस भाग मिळत गेले आणि साध्या घरांत कोट्यवधींची मालमत्ता तयार झाली.

ही कथा खानदेशात दिवाळीच्या फराळाबरोबर आवडीने सांगितली जाते. परंतु तिचा अर्थ नीट लावायला हवा. याच खानदेशात कापड गिरण्यांचे भोंगे थांबले आणि त्यांच्यावर विसंबलेली घरे उघडी पडली. प्रत्येक जपलेला कागद विप्रोचा निघत नाही. अमळनेरच्या त्या कुटुंबांनी पैसा वाढवला त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना तो मोडण्याची वेळ आली नाही. रोजचा खर्च दुसऱ्या मिळकतीतून भागत होता. सणासाठी जी शिल्लक मोडावी लागते, ती कितीही चांगल्या ठिकाणी ठेवली तरी फळ धरत नाही.

याच्या उलट अनुभवही या जिल्ह्याने घेतला. अधिक व्याजाच्या आशेने अनेक घरांनी पतसंस्थांत ठेवी ठेवल्या. लेकीच्या लग्नाचे, म्हातारपणाचे पैसे त्यांत अडकले आणि त्या घरांची कितीतरी वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर गेली. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. दिवाळीनंतर उरलेली रक्कम कोठे ठेवायची हे ठरवताना दीड-दोन टक्के व्याजापेक्षा हा फरक मोठा आहे.

धुळ्याच्या घरातील खाती

अमळनेरहून धुळे तासाभराच्या वाटेवर आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग येथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे सुरतेचे कापड रात्री निघते आणि सकाळी धुळ्याच्या दुकानात असते. पांझरेकाठच्या या शहराच्या सरळ, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत खाली दुकान आणि वर घर अशी रचना आजही दिसते. या जिन्यानेच व्यापारी घराचा खरा हिशेब ठरतो. जिना उतरून गल्ल्यातून नोट उचलणे फार सोपे असते.

जुन्या मुनिमांनी त्यावर उपाय करून ठेवला होता. गल्ल्यातून घरासाठी निघालेला पैसा त्याच दिवशी रोजमेळात घरखर्चाच्या नावे पडे. मग ती भाजी असो, पाहुण्यांची मिठाई असो वा मालकाचा प्रवास. दिवाळीला मेळ निघे, तेव्हा घराने दुकानाकडून वर्षभरात काय घेतले ते एका पानावर दिसे. आज हिशेब संगणकावर आले, पण हे पान बहुतेक ठिकाणी गळाले. ते परत आणण्यास खर्च लागत नाही. नवरात्रापूर्वी गेल्या वर्षीच्या दिवाळीचा खर्च पाच खात्यांत मांडावा: कपडे, फराळ व मिठाई, देणे-घेणे, प्रवास आणि दान. या वर्षीची रक्कम ठरवून ती गल्ल्यातून एकदाच उचलावी आणि घरातील सुनेच्या किंवा सासूबाईंच्या स्वाधीन करावी. दानाचे खाते आधी वेगळे काढावे, म्हणजे शेवटी उरलेल्या चिल्लरीवर त्याची वेळ येत नाही.

खानदेशी बायकांनी हे शास्त्र स्वयंपाकघरात केव्हाच सिद्ध केले आहे. उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, मुगाच्या वड्या वाळतात. गहू आणि डाळी हंगामात भरल्या जातात. पर्युषणात हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा हाच साठा ताटात येतो. चैत्र-वैशाखातील कष्टाने भाद्रपदाचा खर्च वाचतो. आखाजीला माहेरवाशिणी येणार हेही त्यांना आधी ठाऊक असते. सण अचानक येत नाहीत; पंचांगात त्यांच्या तारखा वर्षभर आधीच छापलेल्या असतात.

आनंद श्रावकाची वाटणी

उपासकदशांग सूत्राच्या पहिल्या अध्ययनात वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीचे वर्णन आहे. त्याच्या १२ कोटी सुवर्णमुद्रांपैकी ४ कोटी निधानात, ४ कोटी व्यापारात आणि ४ कोटी घरपसाऱ्यात होत्या. भगवान महावीरांकडून व्रते घेताना त्याने नांगर, गाड्या, नौका यांच्यापासून दातवण, फळ आणि तुपापर्यंत स्वतःसाठी मर्यादा आखून घेतली. संपन्न माणसाने, संपन्न असतानाच, स्वखुशीने घातलेली ही मर्यादा होती. टंचाई आल्यावर केलेल्या काटकसरीला परिग्रहपरिमाण म्हणत नाहीत.

आजच्या घराला ती तीन समान वाटण्यांची रेघ जशीच्या तशी ओढता येणार नाही. पण घर, धंदा आणि निधी ही तीन खाती वेगळी असावीत आणि एकाने दुसऱ्यात न विचारता हात घालू नये, इतके तर धुळ्याच्या गल्लीतील लहान दुकानालाही जमण्यासारखे आहे.

अमावास्येच्या रात्री वहीपूजन होते. पहिल्या पानावर श्रींची उतरंड लिहिली जाते. गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी मागितली जाते. पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढतो. चार दिवसांनी ज्ञानपंचमी येते, तीच व्यापाऱ्यांची लाभपंचमी. दुकाने उघडतात, तराजूला कुंकू लागते आणि मंदिरात ग्रंथांची पूजा होते. त्या दिवशी संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, दिवाळीच्या पाच खात्यांचा मेळ घरातील सर्वांसमोर वाचला जावा. मुलेही त्या वेळी जवळ असावीत. गल्ल्यात किती आले हे त्यांनी आठवडाभर पाहिलेले असते. त्यातले आपले किती, हे त्यांना त्या संध्याकाळी कळते.