मागे बसलेला सेठ

आम्ही उर्दू शिकवणारी माणसं 'नक़ल' हा शब्द दोन कामांसाठी वापरतो. परीक्षेत पोरं करतात ती नक़ल आणि लग्नाच्या मांडवात हौशी माणूस मामूंच्या चालीची करतो तीही नक़ल. पहिलीला शिक्षा, दुसरीला टाळ्या. संगणकावरचा फ्लाइट सिम्युलेटर ही दुसऱ्या जातीची नक़ल. गेली काही वर्षं घरात निजानीज झाली की मी ती करत बसते. शाळेत हे फारसं कुणाला ठाऊक नाही.

सिम्युलेटरबरोबर थोडी विमानं आयतीच मिळतात, बाकीची वेगळी विकत घ्यायची. त्यांना अ‍ॅड-ऑन म्हणतात. बहुतेक हौशी लोक मोठ्या बोइंग-एअरबसच्या मागे असतात. माझा जीव बिझनेस जेटवर, म्हणजे बड्या लोकांच्या आठ-दहा आसनी खासगी विमानांवर. कारण अगदी घरगुती आहे. मुंबई ते नागपूर तासाभरात आटोपतं. सकाळच्या शाळेसाठी पहाटे उठणाऱ्या बाईला अटलांटिक ओलांडणं कसं परवडणार?

२००६ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये लिअरजेट ४५ होतं. भावाच्या मित्राच्या सायबर कॅफेत मी ते प्रथम चालवलं. कंट्रोल आणि ई ही दोन बटणं दाबली की दोन्ही इंजिनं आपोआप सुरू. समोरच्या कितीतरी कळा नुसत्या रंगवलेल्या, दाबल्या तरी काही होत नसे. तेव्हा त्याचंही अप्रूप होतं. पुढे २०२० च्या सिम्युलेटरमध्ये सेसना कंपनीचं सायटेशन सीजे४ आलं. दिसायला देखणं, पण मार्ग आखून देणारा त्यातला संगणक कच्चा होता. मग 'वर्किंग टायटल' नावाच्या हौशी मंडळींनी तो सुधारून फुकट वाटला. काम इतकं चोख, की २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच त्यांना आपल्यासोबत घेतलं. हौसेतून झालेल्या अशा कामाचं मला फार कौतुक वाटतं.

पण मला खरं वेड लावलं ते चॅलेंजर ६५० नं. 'हॉट स्टार्ट'नं ते एक्स-प्लेन या सिम्युलेटरसाठी २०२२ च्या सुरुवातीला आणलं. किंमत शंभर डॉलरहून जास्त. मी दोन ईदींचे पैसे साठवून घेतलं आणि घरात किंमत जरा मोघमच सांगितली. हे विमान कालचं विसरत नाही. रात्री ज्या अवस्थेत सोडलं, त्याच अवस्थेत दुसऱ्या दिवशी सापडतं. आधी बॅटरी, मग शेपटीकडचं छोटं इंजिन, मग दिशा ओळखणारं यंत्र जुळेपर्यंत थांबायचं. तोवर विमान जागचं हलता कामा नये. केबिनमधल्या हवेचा दाब, पंखांवरचं बर्फ, इंजिनातलं तापमान, सगळ्याचा हिशोब ठेवावा लागतो. एकदा माझं सगळं बघून खाला म्हणाली, "बटनच दबाना है तो मिक्सर में क्या बुराई है?"

खालाला मी उत्तर दिलं नाही, पण माझ्यापाशी ते आहे. मिक्सर काही विचारत नाही. हे विमान विचारतं. नकाशातली नदी पाठ करणारं पोर वेगळं आणि पाणी उताराकडे का जातं ते कळलेलं पोर वेगळं, तसाच इथला फरक. काही मंडळी अस्सलपणा मोजतात तो आसनाच्या कातड्यावरच्या शिवणीवरून, काचेतल्या प्रतिबिंबावरून. मला ती शिवण आवडते, खोटं कशाला बोलू? पण एक कळ चुकीच्या वेळी दाबली आणि दहा मिनिटांनी तिसरीकडेच दिवा लागला, की मला विमान खरं वाटतं.

तरीही या नकलेत एक जागा रिकामी आहे. मागचं आसन.

अमेरिकेतलं अ‍ॅस्पेन हे बिझनेस जेट उडवणाऱ्या हौशी लोकांचं लाडकं ठिकाण. विमानतळच सुमारे ७,८०० फुटांवर, भोवती डोंगर. एका बाजूनं उतरायचं आणि बहुधा त्याच बाजूनं परत उडायचं. २९ मार्च २००१ च्या संध्याकाळी तिथे भाड्यानं घेतलेलं गल्फस्ट्रीम ३ उतरताना डोंगरउतारावर आदळलं. अठराही जण गेले. विमान लॉस एंजलिसहून उशिरा निघालं होतं, अंधारानंतर उतरायला बंदी होती, बर्फ पडत होतं. धावपट्टी नीट दिसत नसताना वैमानिक ठरलेल्या उंचीच्या खाली आले, असं चौकशीत निघालं. पण राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं आणखी एक गोष्ट नोंदवली: विमान भाड्यानं घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा उतरण्यासाठी असलेला दबाव. मोठ्या विमानातला प्रवासी वैमानिकाला ओळखतही नाही. इथे प्रवासीच मालक, आणि तो हाकेच्या अंतरावर बसलेला. या धंद्यातली सर्वांत अवघड कळ तीच. ती कुठल्या अ‍ॅड-ऑनमध्ये येणार?

हा दबाव मला थोडाफार ठाऊक आहे. एका परीक्षा केंद्रावर मी पर्यवेक्षक होते. गावातले एक वजनदार गृहस्थ दाराशी आले आणि हसून म्हणाले, "मॅडम, जरा खिडकीबाहेर बघत जा. हवा छान आहे." आवाज चढलेला नाही, धमकी नाही. मी त्या पोराच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिले ती घंटा होईपर्यंत. पाय लटपटत होते. नंतरचे काही महिने जे ऐकावं लागलं ते ऐकलं. असो.

मागच्या हिवाळ्यात सुट्टीच्या रात्री मी अ‍ॅस्पेनला निघाले. पाचवीतला मुलगा जागा होता. त्याला स्टुलावर मागे बसवलं आणि म्हटलं, तू सेठ, विमान तू भाड्यानं घेतलंयस, तुला पार्टीला जायचंय. पोरानं भूमिका अशी काही उचलली! "पायलट, जल्दी करो. मेरे दोस्त खाना खा लेंगे." ढग खाली, बर्फ चालू. ठरलेल्या उंचीवर आले तरी धावपट्टीचे दिवे दिसेनात. "अम्मी, वो देखो, लाइट! उतरो ना!" क्षणभर मलाही वाटलं, असतील. संगणकच तर आहे, पुढे ढकललं तर कोण मरतंय? मी इंजिनं पूर्ण जोरात दिली, नाक वर घेतलं, चाकं आत ओढली आणि डोंगरांतून बाहेर पडून रायफल गावच्या विमानतळाकडे वळले. अडचणीच्या वेळी अ‍ॅस्पेनची विमानं तिकडे जातात.

सेठ भयंकर चिडला. रायफलला टेकलो तेव्हा म्हणाला, "अब यहाँ से?"

"गाडीनं. सडक आहे."

"मग माझे पैसे परत दे," तो म्हणाला, आणि मी इंजिनं बंद करायची यादी वाचत असताना हात पुढे करून तसाच बसून राहिला.